शेपटासकट नंबर सांगा

आमच्या खानदेशात माणसाचं पूर्ण नाव लग्नपत्रिकेपुरतं असतं. बापाने हौसेने ज्ञानेश्वर ठेवलेला पोरगा शाळेत जाईपर्यंत नाना झालेला असतो, आणि पुंडलिकाचा पुंडा व्हायला तेवढीही वाट पाहावी लागत नाही. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. नाना म्हटलं तरी ओ तोच माणूस देतो. पण हीच सवय आमच्या लोकांनी सर्किट ब्रेकरला लावली आणि माझी सगळी नोकरी त्यांच्याशी भांडण्यात गेली.

धुळ्यातल्या एका इलेक्ट्रिक मालाच्या दुकानात मी काउंटरवर होते. माहेर जामनेरचं. लग्न होऊन धुळ्याला आले, बी.कॉम. झालेली होते, म्हणून शेठनी बिलं करायला ठेवलं. एका दिवाळीत काउंटरवरचा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही. शेठ म्हणाले, "दोन दिवस सांभाळून घ्या ताई." ते दोन दिवस मी रिटायर होईपर्यंत चालले. ताईची अक्का कधी झाले ते मलाही आठवत नाही. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, इकडे पारोळा-अमळनेरपर्यंतचे वायरमन मला चेहऱ्याने ओळखत नाहीत, आवाजाने ओळखतात. बाजारात "अर्धा किलो गिलके द्या" म्हटल्यावर मागून कुणीतरी "अक्का, तुम्ही का?" असं विचारलेलं आहे. तेव्हा मला काय वाटलं ते लपवत नाही. एखाद्या नटीला वाटत असेल तेवढं बरं वाटलं.

ज्यांनी ब्रेकर फक्त आपल्या घरात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. मीटरशेजारच्या पेटीत खटक्यांची रांग असते. तारेला झेपेल त्याहून जास्त वीज जायला लागली की खटका आपोआप खाली येतो. आमच्याकडे त्याला पडणं म्हणतात. पूर्वी फ्यूजची तार जळायची, आता खटका पडतो. काम तेच, तार तापून पेटायच्या आत वीज तोडायची. दिसायला हे सगळे सारखे. तोच पांढरा डबा, तीच उंची. आत काय आहे ते फक्त अंगावरच्या नंबरावरून कळतं, आणि तो नंबर म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची आगगाडी असते.

सुरुवातीला कंपनीची दोन-तीन अक्षरं, म्हणजे माल कुठल्या घराण्यातला. मग पोल किती, म्हणजे एका वेळी किती तारा तुटणार. मग बी, सी किंवा डी असं एक अक्षर. मग अँपिअर, सोळा, बत्तीस, चाळीस. मग शॉर्टसर्किट झालं तर केवढा दणका हा डबा पोटात घेऊन शाबूत राहील तो आकडा. आणि अगदी शेवटी आणखी दोन-तीन आकडे किंवा अक्षरं. ही मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. कुणी अँपिअर आधी घालतं, कुणी पोल. पण एकदा घराणं ओळखलं की बाकीचं सरळ वाचता येतं. मला येऊ लागलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला शेजाऱ्यांच्या ब्रेकरचा नंबर फोड करून सांगितला होता. ते म्हणाले, "आता जेवायला वाढा."

लोकांना यातलं एकच कळायचं, अँपिअर. "बत्तीसचा द्या." "चाळीसचा आहे का?" पुढचं-मागचं सगळं म्हणजे कंपनीची नक्षी. मागच्या भागाला वायरमन लोक शेपूट म्हणायचे आणि शेपूट कापूनच ऑर्डर द्यायचे.

त्यात आमचा धंदा फोनवरचा. ऑर्डर फोनवर यायची, माल काळी-पिवळी जीपने जायचा. ड्रायव्हरच्या सीटखाली पार्सल आणि गावच्या फाट्यावर वायरमन उभा. चुकीचा डबा गेला की दोघांचाही दिवस वाया. दुसऱ्या दुकानांत खोक्यावर जाड स्केचपेनने '४०', '३२' असं लिहून ठेवायची पद्धत होती, कारण छापील नंबर बारीक असतो आणि गर्दीत चष्मा कोण शोधणार. मी आमच्या दुकानात स्केचपेन बंद केला. शेठ कुरकुरले. मी म्हटलं, आकडा वाचायचा तर पूर्ण वाचू, नाही तर मला परत बिलांवर बसवा. शेठना बिलांवर बसलेला माणूस आवडत होता पण काउंटरवर दुसरं कुणी मिळत नव्हतं, त्यामुळे मी जिंकले.

तशीच माझी आणि लोटन नानांची ओळख झाली. नाना शिरपूरकडचे वायरमन, तापीकाठच्या सगळ्या गावांत त्यांचं काम. पहिल्यांदा फोन आला तो असा.

"अक्का, चाळीसना चार पोल धाडी दे."

"पूर्ण नंबर सांगा नाना."

"सांगं ना. चाळीसना. चार पोल."

"शेपूट?"

"शेपूटनं काय करनं शे? माले काय गायनं शेपूट धरीसन वैतरणी पार करनी शे का?"

"तुम्हाला नाही नाना. तुमच्या गिऱ्हाइकाला करावी लागेल."

पलीकडे नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग बोर्डापाशी जाऊन, चष्मा लावून, एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्या दिवसापासून नानांनी कधी शेपूट कापलं नाही. उलट दुसऱ्या वायरमननाही दटावू लागले की अक्काकडे अर्धा नंबर चालत नाही.

शेपटाआधी मधल्या अक्षराचीही गंमत सांगते. दोंडाईच्याचे एक मिरची-मसाला दळणारे गृहस्थ पिशवीत तीन ब्रेकर घालून आले आणि पिशवी काउंटरवर आदळली. चक्की सुरू केली की पडतो म्हणे. बदलून नवा आणला, तोही पडतो. तिसरा आणला, तोही. तिन्ही ब्रेकर मी ओळीने मांडले. तिन्हींवर अँपिअरच्या आधी बी. मोटर उठताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. बी जातीचा ब्रेकर नाजूक स्वभावाचा, तेवढ्यानेच रुसतो. तो घरच्या दिव्यांना ठीक. चक्कीला डी लागतो, तो मोटरला उठायला सवड देतो. मी तेवढ्याच अँपिअरचा डी काढून दिला. ते म्हणाले, "अक्का, हाऊच तं व्हता!" मी म्हटलं, चेहरा तोच आहे, स्वभाव वेगळा आहे, घेऊन तर जा. नंतर त्यांचा फोन आला तेव्हा मागे चक्कीचा आवाज एवढा होता की ते काय म्हणाले ते कळलंच नाही. पण त्या वर्षी आमच्या दुकानातल्या सगळ्यांच्या घरी तिखट त्यांचंच होतं.

मोठ्या ब्रेकरात चूक उलटी व्हायची. त्याच्या तोंडावर मोठ्या अक्षरात अडीचशे छापलेलं असतं, ते डब्याचं माप. आत किती अँपिअरला पडायचं ते मागे बारीक अक्षरात. पातेलं मोठं म्हणून भाजी जास्त असं नसतं. जामनेरच्या माझ्या एका चुलत भावाने जिनिंगसाठी असाच अडीचशे समजून एकशे साठचा लावला आणि ऐन कापसाच्या हंगामात दिवसभर खटके उचलत बसला. मला फोन केला तो शिव्या द्यायलाच. पण बहिणीला शिव्या देता येत नाहीत, म्हणून कंपनीला दिल्या.

हे सगळं सांगताना मी हसते आहे, कारण यात नुकसान झालं तरी माल बदलून मिळतो. केळीच्या पॅकहाउसची गोष्ट मात्र मी इतकी वर्षं फारशी कुणाला सांगितली नाही. माझा मुलगा अजूनही लोकांना सांगतो, आई खटके विकायची. सांगो. पण मी काय विकत होते ते एकदा लिहून ठेवावं असं वाटतं.

दिलीप आबा म्हणून शिरपूरकडचे एक केळीवाले. स्वतःची बाग मोठी, शिवाय भोवतालच्या गावांतला माल घेऊन परदेशात पाठवायचे. त्यासाठी शेतातच पत्र्याचं पॅकहाउस बांधलं होतं. घड कापून आणायचे, त्यांच्या फण्या काढायच्या, मोठ्या सिमेंटच्या टाक्यांत पाण्यात टाकायच्या म्हणजे चीक निघून जातो. मग पुसून, वजन करून खोक्यांत भरायच्या. टाकीवरचं सगळं काम बायांचं. कोपरापर्यंत हात पाण्यात, पाय ओल्या फरशीवर. पाणी फिरतं राहावं म्हणून टाकीत एक लहान पाणबुडी मोटर सोडलेली.

लोटन नानांचा फोन आला. नाना थट्टा न करता बोलले, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं.

"अक्का, आबाना पॅकहाउसमा बाया सांगतस, पानी चावस."

पाणी चावतं. पाण्यात हात घातला की झिणझिण्या येतात, त्याला त्यांनी ठेवलेलं हे नाव. कुठूनतरी थोडी वीज पाण्यात उतरत होती.

साधा ब्रेकर इथे काही कामाचा नाही. माणसाच्या अंगातून जाणारी वीज ब्रेकरच्या हिशेबी किरकोळ असते, चाळीसचा खटका तेवढ्याने हलतही नाही. माणसाला मात्र ती पुरते. त्यासाठी वेगळी जात येते. तिला सगळे इएलसीबी म्हणतात. जेवढी वीज गेली तेवढी परत आली का, एवढंच ती पाहते. परत कमी आली तर मधली कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेली, असं समजून ती तत्काळ तोडते. किती कमी आल्यावर तोडायची, ते नंबराच्या शेपटात असतं. शून्य तीन शून्य असेल तर तीस मिलीअँपिअर. तीन शून्य शून्य असेल तर तीनशे. बाकी नंबर सारखा, डबा सारखा, चाळीस अँपिअर, चार पोल, तपासायचं टी नावाचं बटन, सगळं सारखं.

आणि ब्रेकरची सवय असलेला माणूस इथे नेमका फसतो. ब्रेकरात मोठा आकडा म्हणजे जास्त दम. इथे लहान आकडा म्हणजे जास्त जाग. तीसवाला माणसासाठी. तीनशेवाला इमारतीसाठी, भिंतीत कुठे वीज झिरपून आग लागू नये म्हणून. माणूस मधे आला तर तीनशेवाला वाट पाहतो, आणि माणसाला तेवढा वेळ नसतो.

मी तीसवाला पाठवला. नानांनी मोटर बदलली, डबा बसवला, टाकीला अर्थिंग नीट करून दिलं. पाणी चावायचं थांबलं.

पुढे शिरपूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा नाना म्हणाले, चला, तुमचा डबा दाखवतो. आपण पाठवलेला माल भिंतीवर बसलेला मी फार कमी वेळा पाहिला होता, म्हणून गेले. टाकीवर दहा-बारा बाया होत्या. त्यांची मुकादम हिराबाई, काटक बाई, कमरेला पदर खोचलेला. मी विचारलं, आता पाणी चावत नाही ना?

"आते नही. पन पहिले चावे ना, तवय पासून पहिला हात मना ऱ्हास. माले चावनं तं बाकीन्या थांबतस."

म्हणजे रोज सकाळी काम सुरू करताना हिराबाई आधी एकटी पाण्यात हात घालायची, आणि बाकीच्या तिच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहायच्या. अजूनही. मी विचारलं,

"आणि तुम्हाला जोरात चावलं तर?"

"मना पोरे मोठा व्हयी गयात," ती शेजारच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हाई कमलीनं पोरगं आजून आंगवर पेस."

ती हे इतकं सहज म्हणाली की मला रागच आला. कुणाचा ते कळेना. मी तिचा हात धरून तिला बोर्डापाशी नेलं. म्हटलं, आजपासून पहिला हात या बटनाला. टी दाबायचं. खटका पडला तर डबा जिवंत आहे. वर करायचा आणि मगच पाण्यात जायचं. बाया पदराआड हसायला लागल्या. मग मी तिचं बोट धरून डब्यावरच्या शेवटच्या तीन आकड्यांवर ठेवलं. शून्य, तीन, शून्य. "हे तीन ध्यानात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल." बोर्डाच्या दारावर दुकानाच्या फोन नंबराचं स्टिकर होतं, तेही दाखवलं. नाना म्हणाले, "अक्का, बायासले बी शेपूट शिकाडं का?" मी म्हटलं, त्यांनाच तर शिकवायला हवं.

मधे बरेच दिवस गेले. आबांची कुरकुर तेवढी नानांकडून कळायची, की हल्ली डबा अधूनमधून पडतो आणि काम थांबतं. मी नानांना म्हटलं, पडतो म्हणजे कुठेतरी गळती परत सुरू झालीय, शोधा. नाना शोधणार होते, पण त्यांच्या मुलीचं बाळंतपण सुरतेला होतं, ते तिकडे गेले.

एका सकाळी दुकान उघडून मी नुकतीच बसले होते. फोन वाजला.

"अक्का, मी हिराबाई. आबाना पॅकहाउसनी."

मागून माणसांचे आवाज येत होते.

"डबा बदलेल शे अक्का. टी दाबं, पडना. पन शेवटना आकडा तो नही शे. तीन पहिले शे, मंग दोन शून्य."

मी विचारलं, "पाण्यात हात घातला का कुणी?"

"नही. बठ्ठ्या उभ्या शेतस. आम्ही पानीमा हात घालतस नही."

तिला मिलीअँपिअर माहीत नव्हता. तीनशे म्हणजे बरं की वाईट, तेही माहीत नव्हतं. हा आपला नाही, एवढंच तिला दिसलं होतं आणि तेवढ्यावर तिने सगळं काम थांबवलं होतं. रोजावर जाणारी बाई, समोर मालक उभा, आणि काम थांबवलं होतं. हे मी आज लिहिते तेव्हाही माझा ऊर भरून येतो.

आबांनी फोन घेतला. आबा वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. बायांना चहा द्यायचे, आजारपणात गाडी द्यायचे. पण त्या सकाळी त्यांच्या डोक्यात कापून पडलेले घड होते.

"अक्का, काय शिकाडं तुम्ही या बायासले? कंटेनर दारमा उभा शे. माल काटेल शे. तुमना डबा घडी घडी पडे, म्हनीसन नवा आना. हाऊ पडस नही. मजबूत शे. टी दाबा तं पडस बी. मंग काय फरक पडस?"

नवा वायरमन बोलावून त्यांनी जवळच्या दुकानातून आणवला होता. काय सांगून, ते मी न विचारताच ओळखलं. चाळीसचा, चार पोल, इएलसीबी, आणि सारखा पडणार नाही असा द्या.

मी म्हटलं, "आबा, टी दाबल्यावर दोन्ही पडतात. टी एवढंच सांगतं की डबा मेलेला नाही. किती वीज गळल्यावर उठायचं, ते वेगळं. तुमचा आधीचा डबा उगाच पडत नव्हता. तो सांगत होता की वीज पाण्यात जातेय. तुम्ही सांगणाऱ्याला काढलं आणि बहिरा आणून बसवला."

"पन तीनशे म्हंजे मोठा ना?"

"मोठाच आहे. तो इमारत वाचवतो. तीसवाला माणूस वाचवतो."

आबांनी फोन स्पीकरवर टाकलेला असावा. कारण आबांच्या आधी हिराबाईचा आवाज आला, चढलेला नाही, नेहमीसारखाच.

"आबा, इमारतले काय व्हत नही. पानीमा आमना हात शेतस."

 मला वाटलं फोन कट झाला. मी दोनदा हॅलो म्हटलं. आबांचा आवाज आला तेव्हा तो उतरलेला होता.

"सांगा अक्का. काय करनं?"

जुना डबा कुठे आहे विचारलं. खिडकीत ठेवलाय म्हणाले. मी म्हटलं, मेन बंद करा, टाकीत हात कुणी घालायचा नाही, आणि तुमच्या वायरमनला जुना डबा बसवू दे. तो बसवेपर्यंत मी फोन ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही. काउंटरवर गिऱ्हाइकं जमली होती. मी हातानेच थांबा म्हटलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता स्वतः उठून गिऱ्हाइकांना विचारू लागले, जे ते एरवी कधी करत नसत.

"बसाडा अक्का," डबा बसल्यावर आबा म्हणाले.

"आता टाकीतल्या मोटरची पिन काढा. मग मेन चालू करा."

खटका उभा राहिला. पंखे, दिवे, वजनकाटा, सगळं चालू, खटका उभा.

"आता मोटरची पिन घाला."

मला इथे धुळ्यात तो खटका पडल्याचा आवाज ऐकू आला. पुन्हा करायला लावलं. पुन्हा पडला.

मोटर बाहेर काढली. टाकीच्या काठावर एक जागा होती, फण्या काढायची सुरी काम झालं की बाया तिथे ठेवायच्या. मोटरची केबलही त्याच काठावरून पाण्यात उतरलेली. सुरी रोज तिच्यावर ठेवली जायची. वरचं आवरण कापलं गेलं होतं आणि तो भाग पाण्याखाली होता.  आबा म्हणाले, "अक्का, केबल उघडी पडेल शे. तार दिखस."

 मग म्हणाले, "माले वाटनं मोठा नंबर म्हंजे मजबूत."

  इतकी वर्षं मी लोकांना तीन आकड्यांवरून छळलं होतं. आगाऊ म्हणून नाव कमावलं होतं. तिथे कमली उभी होती, तिचं पोरगं घरी होतं, आणि ते तीन आकडे मी हिराबाईच्या बोटाखाली ठेवून आले होते. मला अभिमान वाटला. चांगला पोटभर वाटला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

मोटर बाजूला ठेवायचं ठरलं. बोअरचा पाइप सरळ टाकीत सोडून दिवस काढायचा आणि नवी केबल आल्यावर मोटर बसवायची, केबल भिंतीवरून, सुरीला खिळा वेगळा. आबांनी "ठेवतो अक्का" म्हटलं, पण फोन बहुतेक त्यांनी बोर्डाजवळ कुठेतरी ठेवून दिला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मलाही.

मी कान लावून बसले. टी दाबल्याचा बारीक आवाज, खटका पडला. तो वर केल्याचा आवाज. मग काही क्षण काहीच नाही. मग कुणीतरी म्हणालं, "चला वं," आणि पाणी हललं. एकीचं नाही, बऱ्याच जणींचं एकदम. फण्या पाण्यात पडायला लागल्या. एक बाई काहीतरी बोलली, दुसरी मोठ्याने हसली.

काउंटरपलीकडे साक्रीचा एक वायरमन बराच वेळ ताटकळला होता. वाकून म्हणाला, "अक्का, मना माल देतस का? बत्तीसना पाहिजे."

मी डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. त्याला म्हटलं, "थांब जरा भाऊ. ऐकू दे. बाया काम करताहेत."